हिस्टामिन घडवणारं विकर: हिस्टिडिन डिकार्बॉक्सिलेजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगावर पित्त उठलं किंवा नाक गळायला लागलं की घरात ॲन्टिहिस्टामिनची गोळी शोधली जाते, त्यामुळे हिस्टामिनचं नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. ते हिस्टामिन ज्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, तयार होतं त्याची ओळख मात्र फार थोड्यांना असते. हे विकर आपल्या जठरात आहे, मेंदूत आहे, आणि उन्हात राहिलेल्या बांगड्यावर वाढणाऱ्या जीवाणूंतही आहे. विद्यार्थी विचारतात ते प्रश्न आधी घेतले आहेत. मासे खाऊन त्रास झालेल्यांचे प्रश्न शेवटी आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ तिथे जावं.

हे विकर नेमकं करतं काय?

हिस्टिडिन नावाच्या अमिनो आम्लातला कार्बॉक्सिल गट काढून टाकतं, एवढंच. तो गट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि मागे हिस्टामिन उरतं. रेणुभाराचा हिशोब सोपा आहे: हिस्टिडिनचे १५५, त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ४४ वजा, हिस्टामिनचे १११. पण एवढ्याशा फरकाने गुणधर्म पार बदलतात. हिस्टिडिन आपण रोज डाळीतून, दुधातून, अंड्यामांसातून खातो आणि त्याची प्रथिनं बनतात. हिस्टामिन मात्र थेट रक्तात गेलं तर मिलिग्रॅमच्या अंशानेही रक्तवाहिन्या सैल पडतात, चेहरा लाल होतो, डोकं ठणकायला लागतं.

त्याचा शोध कसा लागला?

हिस्टामिन आधी प्रयोगशाळेत बनलं. १९०७ मध्ये विंडाउस आणि फोग्ट यांनी ते रासायनिक पद्धतीने तयार केलं. १९१० मध्ये आकरमान यांनी जीवाणू हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवतात हे दाखवलं, आणि त्याच सुमारास लंडनमध्ये बार्जर आणि डेल यांना ते अर्गट या, राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या अर्कात सापडलं. डेल आणि लेडलॉ यांनी ते प्राण्यांना टोचून त्याचे परिणाम नोंदवले.

त्यानंतरची सतरा वर्षं एक शंका तशीच राहिली. प्राण्यांच्या ऊतींतून हिस्टामिन मिळायचं, पण ते त्या प्राण्याचं स्वतःचं, की नमुना जरा सडल्यावर जीवाणूंनी बनवलेलं? १९२७ मध्ये बेस्ट, डेल, डडली आणि थॉर्प यांनी अगदी ताज्या यकृतातून आणि फुप्फुसातून ते वेगळं काढलं, तेव्हा ही शंका मिटली. प्राण्यांच्या ऊती हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवतात हे १९३६ मध्ये जर्मनीत वेर्ले यांनी दाखवलं. ती जुनी शंका मला फार महत्त्वाची वाटते, कारण हिस्टामिन कोणी बनवलं, शरीराने की जीवाणूने, हाच प्रश्न आज मासे खाऊन आजारी पडलेल्या माणसासमोर बसलेल्या डॉक्टरने विचारायला हवा असतो.

ब६ जीवनसत्त्वाचा यात काय संबंध?

माणसाचं हे विकर एकट्याने काम करू शकत नाही. ब६ जीवनसत्त्वापासून बनलेला पिरिडॉक्सल फॉस्फेट हा सहविकर, म्हणजे विकराला मदत करणारा छोटा रेणू, त्याच्या खाचेत लायसिन या अमिनो आम्लाला बांधलेला असतो. हिस्टिडिन आत आलं की ते लायसिनची जागा घेऊन स्वतः पिरिडॉक्सलला जोडलं जातं. पिरिडॉक्सलचं वलय इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतं, त्यामुळे कार्बॉक्सिल गटाचा बंध सैल होऊन तुटतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्या जागी एक प्रोटॉन येतो, हिस्टामिन सुटतं आणि लायसिन पुन्हा आपल्या जागी बसतं.

माणसाच्या विकराची साखळी ६६२ अमिनो आम्लांची असते आणि तिचं जनुक १५व्या गुणसूत्रावर आहे. ही लांब साखळी फारशी कार्यक्षम नसते. तिचं शेपूट छाटलं गेल्यावर, साधारण ७४ किलोडाल्टनवरून (हे रेणुभाराचं एकक) ५४च्या आसपास आल्यावर, दोन साखळ्या जोडीने काम करतात. तिची स्फटिकरचना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

मग ब६ कमी खाल्लं तर ॲलर्जी कमी होईल का?

नाही, आणि असा प्रयोग करू नका. हाच सहविकर शरीरातल्या शंभराहून अधिक विकरांना लागतो. ते कमी पडलं तर ॲलर्जीच्या आधी नसा आणि रक्त यांचे त्रास सुरू होतील.

जीवाणूंमधलं विकर आणि आपलं विकर एकच का?

काम एकच, पण घराणी दोन. (एका रंगचाचणीवरून जीवाणूंचे ग्रॅम-ऋण आणि ग्रॅम-धन असे गट पाडतात, ती नावं खाली येतील.) हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मॉर्गनेला मॉर्गनी, क्लेबसिएला एरोजेनेस, फोटोबॅक्टेरियम यांसारख्या ग्रॅम-ऋण जीवाणूंचं विकर आपल्यासारखंच पिरिडॉक्सल फॉस्फेट वापरतं. ग्रॅम-धन जीवाणूंपैकी लॅक्टोबॅसिलस, ईनोकॉकस, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स यांच्या विकराला मात्र ब६ लागतच नाही. अमेरिकेत एस्मंड स्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅक्टोबॅसिलस ३०ए या जीवाणूवर अनेक वर्षं काम करून हे उलगडलं. तिथे प्रथिनाची साखळी आधी अखंड बनते. मग ८१ आणि ८२ क्रमांकाच्या, सेरिन नावाच्या दोन अमिनो आम्लांच्या मध्ये ती स्वतःच स्वतःला तोडते. तुटताना ८२व्या सेरिनचा पायरूव्हॉइल गट होतो, आणि पिरिडॉक्सल जे काम करतं ते हा गट करतो. म्हणजे बाहेरून सहविकर आणण्याऐवजी या प्रथिनाने आपल्याच अंगातून तो घडवला.

या दोन विकरांच्या रचनेत काहीही नातं नाही. उत्क्रांतीत एकाच रासायनिक अडचणीवर दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळे उपाय निघाले.

जीवाणूला हिस्टामिन बनवून काय मिळतं?

आम्लात तग धरता येते. दर वेळी कार्बॉक्सिल गट निघतो तेव्हा पेशीतला एक प्रोटॉन खर्ची पडतो, म्हणजे आतली आम्लता कमी होते. शिवाय पेशीच्या आवरणात एक वाहक प्रथिन असतं. ते हिस्टिडिन आत घेतं आणि त्याच वेळी हिस्टामिन बाहेर टाकतं. या अदलाबदलीत आवरणाच्या दोन बाजूंमध्ये विद्युतभाराचा फरक तयार होतो आणि त्यातून जीवाणूला थोडी ऊर्जाही मिळते. लॅक्टोबॅसिलसचं विकर आम्लधर्मी वातावरणातच चांगलं चालतं, ते यामुळेच.

आपण बिघाड म्हणतो ती त्या जीवाणूची जगण्याची सोय आहे.

आपल्या शरीरात हे विकर कुठे असतं?

सगळ्या पेशींत नसतं. मास्ट पेशींत आणि रक्तातल्या बेसोफिल पेशींत असतं. तिथे बनलेलं हिस्टामिन कणांत साठवलं जातं आणि ॲलर्जीच्या वेळी एकदम बाहेर पडतं. जठराच्या अस्तरातल्या काही पेशींत असतं. जेवणानंतर गॅस्ट्रिन हे संप्रेरक त्या पेशींना जागं करतं, त्या हिस्टामिन सोडतात आणि त्याच्या इशाऱ्यावर शेजारच्या पेशी आम्ल सोडतात. आणि मेंदूत, हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागातल्या एका लहानशा केंद्रकातल्या चेतापेशींत असतं.

याखेरीज काही पेशी हिस्टामिन साठवत नाहीत, गरज पडेल तेव्हाच विकर वाढवून बनवतात आणि लगेच सोडून देतात. स्वीडनमधल्या लुंडमध्ये काल्सन आणि त्यांच्या गटाने उंदरांवर याचा बराच अभ्यास केला. उंदराच्या गर्भाच्या यकृतात या विकराची क्रिया फार मोठ्या प्रमाणावर दिसते. वाढणाऱ्या आणि जखम भरून काढणाऱ्या ऊतींतही ती वाढते.

हे विकर नसलेला प्राणी जगतो का?

जगतो. २००१ मध्ये ओत्सू आणि सहकाऱ्यांनी या विकराचं जनुक काढलेले उंदीर तयार केले. त्यांच्या मास्ट पेशी संख्येने कमी आणि आतले कण विरळ होते. या उंदरांच्या जठरातलं आम्लाचं नियंत्रण बिघडलेलं आढळलं. पुढच्याच वर्षी त्यांच्या झोपेच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या: अंधार पडल्यावर, नव्या जागी सोडल्यावर, म्हणजे जिथे सावध राहायला हवं तिथेच ते नीट जागे राहू शकत नव्हते.

जुन्या ॲन्टिहिस्टामिन गोळ्यांनी गुंगी येते, त्याचं कारणही हेच. त्या मेंदूत शिरतात आणि तिथल्या हिस्टामिनचा जागं ठेवणारा निरोप अडवतात. सेटिरिझिनसारख्या नव्या गोळ्या मेंदूत कमी शिरतात.

माणसांत २०१० मध्ये एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वडील आणि आठ मुलं, सगळ्यांना टुरेट विकार (ज्यात नकळत झटके आणि आवाज येतात), आणि सगळ्यांमध्ये या जनुकात असा बदल, की साखळी ३१७व्या जागीच थांबते. टुरेटच्या बहुतेक रुग्णांमध्ये हा बदल नसतो. पण मेंदूतलं हिस्टामिन हालचालींवरच्या ताब्याशी जोडलेलं आहे, हे यातून कळलं.

आणि फळमाशी? तिच्या डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी पुढे निरोप देतात तो हिस्टामिननेच. हे जनुक बिघडलेल्या माशीच्या डोळ्यावर प्रकाश पडतो, पेशीला तो जाणवतो, पण निरोप पुढे जात नाही. ती आंधळी असते.

मग हे विकरच बंद करणारी गोळी का देत नाहीत?

असा रेणू आहे. अल्फा-फ्लुओरोमिथिलहिस्टिडिन हा विकराला कायमचा चिकटून त्याला निकामी करतो, आणि संशोधनात तो खूप वापरला गेला. पण वरचं उत्तर वाचलंत तर अडचण कळेल: नाक गळायचं थांबवण्यासाठी जठर आणि मेंदू दोन्हीकडचं उत्पादन बंद करणं परवडणारं नाही. शिवाय मास्ट पेशींत आधीच साठवलेलं हिस्टामिन तसंच राहतं.

त्यापेक्षा हिस्टामिन ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनांवर, जाऊन बसतं त्यांपैकी नेमका एक अडवणं शहाणपणाचं ठरलं. ॲलर्जीच्या गोळ्या एच१ हा ग्राही अडवतात. त्या शोधांसाठी दानिएल बोव्हे यांना १९५७ मध्ये नोबेल मिळालं. आम्ल कमी करणाऱ्या फॅमोटिडिनसारख्या गोळ्या एच२ अडवतात. ती वाट सिमेटिडिनने मोकळी करणारे जेम्स ब्लॅक १९८८ च्या नोबेलचे मानकरी. यांतली कुठलीच गोळी विकराला हात लावत नाही.

आतड्यातले जीवाणूही हिस्टामिन बनवतात का?

हो, आणि परिणाम दोन्ही बाजूंचे दिसले आहेत. रॉयटेरी या लॅक्टोबॅसिलसच्या एका वाणाने बनवलेलं हिस्टामिन एच२ ग्राहीमार्फत दाह कमी करतं, असं प्रयोगशाळेत आढळलं. उलट २०२२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाने दाखवलं, की आयबीएस या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या त्रासाच्या काही रुग्णांच्या आतड्यातली क्लेबसिएला एरोजेनेस भरपूर हिस्टामिन बनवते आणि पोटदुखीशी तिचा संबंध आहे. एवढ्यावरून कोणतंही प्रोबायोटिक विकत घ्यायला धावू नये. जीवाणूची जात एकच असली तरी एका वाणात हे जनुक असतं आणि दुसऱ्यात नसतं.

दही, चीज, वाइन यांचं काय?

जुनं, मुरलेलं चीज आणि काही रेड वाइन यांत हिस्टामिन बरंच असू शकतं. चीजमध्ये पॅराबुकनेरी हा लॅक्टोबॅसिलसच्या कुळातला जीवाणू आणि वाइनमध्ये ईनोकॉकस यांची नावं पुढे येतात. महिनोन्‌महिने मुरवताना प्रथिनं फुटून मोकळं हिस्टिडिन तयार होत राहतं आणि जीवाणूला वेळही भरपूर मिळतो. रात्री विरजून सकाळी खाल्लेल्या दह्याला हे दोन्ही मिळत नाही.

बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात चेहरा लाल झाला, डोकं ठणकलं. मला माशांची ॲलर्जी आहे का?

असेलही, पण तेवढ्यावरून ठरवू नका. ही लक्षणं माशातल्या हिस्टामिनची विषबाधा झाली तरी अगदी अशीच दिसतात, आणि कितीतरी जण एका खराब माशामुळे आयुष्यभरासाठी मासे सोडून देतात. किनारपट्टीच्या घरात मासे बंद होणं म्हणजे जेवणाचा निम्मा आनंद आणि स्वस्त प्रथिनांचा मोठा स्रोत बंद होणं आहे. ते कारण नसताना होऊ नये, यासाठीच मला हे पान लिहावंसं वाटलं.

घडतं ते असं. बांगडा, सुरमई, तारली, कुपा (ट्यूना) या लालसर मांसाच्या, सतत पोहणाऱ्या माशांच्या स्नायूंत मोकळं हिस्टिडिन खूप असतं. कुप्यात तर किलोमागे १० ग्रॅमच्या आसपास. मासा जिवंत असतो तोवर कल्ल्यांतले आणि आतड्यातले जीवाणू मांसात शिरत नाहीत. मेल्यावर शिरतात. मासा उबेत राहिला की ते झपाट्याने वाढतात, विकर बनवतात आणि हिस्टिडिनचं हिस्टामिन करत सुटतात.

खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत तोंडात चुरचुरतं, काहींना मासा मिरीसारखा तिखट लागतो, चेहरा आणि मान लाल होते, गांधी उठतात, धडधडतं, कधी जुलाब होतात. बहुतेकदा एका दिवसात सगळं ओसरतं आणि ॲन्टिहिस्टामिनने लवकर आराम पडतो. दम लागला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर येऊन पडायला झालं तर वाट न पाहता रुग्णालय गाठा, मग कारण कोणतंही असो.

ॲलर्जी आणि विषबाधा यांतला फरक कसा ओळखायचा?

ॲलर्जीत हिस्टामिन तुमच्या मास्ट पेशींतून येतं, विषबाधेत ते ताटातून येतं. म्हणून काही गोष्टी विचारून पाहा. तोच मासा खाल्लेल्या घरातल्या इतरांनाही त्रास झाला का? हीच जात आधी कितीदा खाल्ली आणि काही झालं नव्हतं का? पुढे ताजा मासा खाल्ल्यावर काही होतं का, हे मात्र स्वतःच्या मनाने करून पाहू नका; डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते ठरवता येतं. रुग्णालयात त्या वेळी रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे मास्ट पेशींतलं एक विकर, तपासलं तर मोठी मदत होते. मास्ट पेशी फुटल्या असतील तर ते सहसा वाढतं, माशातल्या हिस्टामिनमुळे त्रास असेल तर वाढत नाही.

मासा चांगला शिजवला, तळला तर धोका जातो ना?

जात नाही. तव्यावरच्या उष्णतेने जीवाणू मरतात, विकरही निकामी होतं. पण आधीच बनलेलं हिस्टामिन तळून, उकडून, डबाबंद करून, खारवून किंवा वाळवून जात नाही. म्हणून आधीच बिघडलेला बांगडा वाळवला तर सुक्या बांगड्यातही ते राहतं.

वासावरही भरवसा ठेवू नका. लाल कल्ले, टपोरे डोळे, घट्ट मांस हे पाहूनच मासा घ्यावा, पण हिस्टामिन पुरेसं साठलेला मासा दरवेळी वास मारतोच असं नाही.

फ्रिजमध्ये ठेवला की झालं ना?

किती वेळाने ठेवला यावर सगळं अवलंबून आहे. थंडी जीवाणूंची वाढ रोखते, पण एकदा विकर बनलं की जीवाणू थंड पडला तरी ते विकर फ्रिजच्या तापमानाला हळूहळू काम करत राहू शकतं. फ्रीझरमध्ये ते थांबतं, नष्ट होत नाही. बर्फ वितळला की पुन्हा सुरू होतं. शिवाय फोटोबॅक्टेरियम फॉस्फोरियमसारखे काही जीवाणू शून्य ते पाच अंशांतही हिस्टामिन बनवतात.

म्हणून खरी लढाई होडीवरच जिंकायची असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं मार्गदर्शन असं आहे, की हवा किंवा पाणी २८.३ अंशांच्या वर असेल तर मासा मेल्यापासून सहा तासांच्या आत बर्फात जायला हवा. एप्रिल-मेमध्ये कोकण किनाऱ्यावर हा आकडा सहज ओलांडला जातो. होडीवर पुरेसा बर्फ नेणारा खलाशी आणि टोपलीत माशांवर बर्फ घालत राहणारी मासेविक्रेती मावशी तुमच्या ताटातलं हिस्टामिन जितकं कमी करतात तितकं कोणताही मसाला करत नाही. तुमच्या हातात उरतं ते एवढं: मासळी घेतल्यावर बाजारात बाकीची खरेदी करत फिरू नका, मासळी शेवटी घ्या, घरी येताच कल्ले-आतडी काढून धुऊन थंड करा, आणि गोठवलेला मासा ओट्यावर दिवसभर न ठेवता फ्रिजमध्येच वितळू द्या.

पापलेट आणि बोंबील यांच्यात हा धोका खूपच कमी.

क्षयरोगाच्या गोळ्या चालू असताना मासे खावेत का?

हा प्रश्न फार कमी विचारला जातो, तो जास्त विचारला जायला हवा. आपल्या आतड्यात डायअमीन ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. ते अन्नातलं हिस्टामिन रक्तात जाण्याआधी मोडून टाकतं. क्षयावरचं आयसोनियाझिड हे औषध त्या विकराला अडवतं. त्यामुळे इतरांना ज्या माशाने काही झालं नाही, त्याच माशाने आयसोनियाझिड घेणाऱ्याला जोरदार त्रास होऊ शकतो. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि त्यांत कुपा हा मासा वारंवार येतो.

उपचार चालू असताना प्रथिनं हवीतच. कुपा, सुरमई, बांगडा, तारली यांबाबत डॉक्टरांशी बोला. अंडी, डाळी, पांढऱ्या मांसाचे ताजे मासे आहेतच. आणि त्रास झाला म्हणून क्षयाच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

माशातलं हिस्टामिन किती चालतं? ते तपासता येतं का?

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या जागतिक मानकात सुरक्षिततेची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघ एका खेपेतले नऊ नमुने तपासतो: सरासरी १०० पेक्षा जास्त नको, दोनच नमुने १०० ते २०० च्या मध्ये चालतात आणि एकही २०० च्या वर नको. नऊ नमुने घ्यावे लागतात, कारण एकाच खेपेतला एक मासा स्वच्छ आणि दुसरा खराब असतो. एकाच माशाच्या डोक्याकडच्या आणि शेपटीकडच्या तुकड्यातही फरक पडतो.

प्रयोगशाळेत जीवाणू ओळखायची एक जुनी पद्धत आहे, ती १९८१ मध्ये निव्हन आणि सहकाऱ्यांनी दिली. बशीतल्या माध्यमात हिस्टिडिन आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा दर्शक घालतात. माध्यम पिवळसर असतं. ज्या वसाहतीत हे विकर असतं तिच्याभोवती हिस्टामिनमुळे आम्लता घटते आणि जांभळं कडं उमटतं. कधी दुसऱ्याच अल्कधर्मी पदार्थांमुळेही कडं येतं, म्हणून आता पीसीआर या डीएनए शोधण्याच्या तंत्राने विकराचं जनुकच शोधतात. मांसातलं हिस्टामिन मोजायला द्रव क्रोमॅटोग्राफी किंवा तयार किट वापरतात.

घरात कोणाला त्रास झालाच, तर उरलेला तुकडा, शिजवलेला असला तरी, फेकू नका. पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, मासा कुठून आणि किती वाजता आणला ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. हिस्टामिन शिजून जात नसल्यामुळे त्या तुकड्याची तपासणी नंतरही होऊ शकते.